सगळ्यांच्याच सीव्हीत राजूर

"तुझे वडील काय करतात?" लुणावतशेठनी विचारलं.

"एसटीत कंडक्टर आहेत, सर."

"मंग घोंगड्या कवा विणतात? डबल बेल मारल्यावर?"

पोराच्या सीव्हीत तर स्वच्छ छापलेलं होतं, 'वडिलांनी विणलेल्या व पडून राहिलेल्या घोंगड्यांची आसने तयार करून राजूर येथे चतुर्थीला विकली. आणलेली सर्व आसने दुपारच्या आरतीपूर्वी संपली.' शेठनी तो कागद बाजूला ठेवला. तिथं याच मजकुराचे आणखी कागद आधीच जमले होते. प्राचार्य पंख्याकडे बघत होते. मी चहाच्या कपाकडे बघत होतो. कप केव्हाच रिकामा झाला होता, तरी मी बघत होतो.

ती ओळ माझी होती. म्हणजे शब्द माझे होते. आसनं भलत्याच कुणाची होती, आणि ती मुलगी बाहेरच्या बाकावर आपला नंबर यायची वाट बघत बसली होती.

आधी माझ्याविषयी सांगतो. मी दाभाडे. उभा जन्म मोटारपंप विकण्यात गेला. सेल्समन म्हणून लागलो आणि एरिया सेल्स मॅनेजर म्हणून रिटायर झालो. मराठवाड्यात मी पंप विकला नाही असं गाव दाखवा, असं मी अजूनही चारचौघांत म्हणतो, आणि बायको आतून "झालं सुरू" म्हणते. रिटायर झाल्यावर घरात करमेना. जाफराबादच्या एका कॉलेजचे प्राचार्य ओळखीचे. ते म्हणाले, "सर, आमच्या पोरांना नोकरीचं जरा शिकवा. इंटरव्ह्यू कसा द्यायचा, सीव्ही कसा लिहायचा." मी आठवड्यातून एकदा जालन्याहून जायला लागलो. मानधन नव्हतं. मान होता, आणि खरं सांगायचं तर मला त्याचीच भूक होती.

सीव्ही म्हणजे नोकरीसाठीचा बायोडाटा. पण आपल्याकडे बायोडाटा म्हटलं की लोक लग्नाचाच समजतात. एका पोराने सीव्हीत रास, नाडी आणि मामाचं गाव लिहून आणलं होतं. बाकीच्यांचे इंटरनेटवरून उतरवलेले. सगळ्यात वर इंग्रजीत 'करिअर ऑब्जेक्टिव्ह', ज्याचा अर्थ लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसायचा. खाली 'हार्डवर्किंग', 'गुड कम्युनिकेशन', 'टीम प्लेयर'. नोकरी देणारा असले शब्द वाचत नाही. मी स्वतः वर्षानुवर्षं माणसं घेतली आहेत. असा कागद हातात आला की माझी नजर थेट फोटोवर जायची आणि तिथून खिडकीबाहेर.

वर्षा शिंगाडे पहिल्यांदा आली तेव्हा तिचाही कागद तसलाच होता. हॉबीजमध्ये रीडिंग, म्युझिक आणि स्विमिंग.

"स्विमिंग कुठे करतेस गं?"

"न्हाई येत, सर. नेटवर होतं ते."

"सेल्सची नोकरी पाहिजे ना तुला? आजवर काय विकलंस?"

"काईच न्हाई."

"काहीच नाही? घरी दूध असेल, शेळ्या असतील, भाजीपाला?"

"मेंढरं होती पहिले, आता थोडीच राह्यली. बाबा घोंगड्या विणतात." मग घाईघाईने म्हणाली, "पन ते काय विकणं न्हाई, सर. ते आपलं घरचं हाय."

मी पेन खाली ठेवलं. "घरचंच सांग."

ती राजूरजवळच्या एका वाडीची. चतुर्थीला राजूरच्या गणपतीला गर्दी लोटते. तिचे वडील देवळाच्या वाटेवर घोंगड्या घेऊन बसायचे. लोक यायचे, घोंगडीवर हात फिरवायचे, "टोचती बुवा" म्हणायचे आणि पुढे जायचे. हल्ली घरोघरी मऊ ब्लँकेट आली, टोचणारी घोंगडी कोण पांघरतो? संध्याकाळी वडील आणलेल्या घोंगड्या तशाच घडी करून परत न्यायचे. वर्षा लहानपणापासून हे बघत होती. एकदा तिच्या लक्षात आलं, की देवळात बायका अथर्वशीर्ष म्हणायला बसतात त्या गार फरशीवर. कुणी पिशवी अंथरतं, कुणी पदर. एक म्हातारी तर तिला म्हणाली होती, "पोरी, बसाया काई हाय का गं?"

"मंग मी बाबांला म्हणलं, ह्या कापू. बसाया आसनं करू."

"मग?"

"बाबा म्हणले, घोंगडीला कात्री लावती का? त्या दिवशी जेवलेच न्हाईत."

तरी तिने कापल्या. कडा मशीनवर शिवून घेतल्या, लाल दोरा घातला. पुढच्या चतुर्थीला मांडून बसली. येणाऱ्या बाईला किंमत सांगायच्या आधी ती म्हणायची, "आधी बसा, मंग सांगा." बाई बसायची. लुगड्यावरून टोचत नाही, खालून गार लागत नाही. उठताना बाई आसन घेऊनच उठायची.

"किती विकलीस?"

"मोजली न्हाईत. आरतीच्या आत सरली. बाबा घरून आजून आणाया गेल्ते, तर आईनं भाकर वाढली त्यांला. त्या दिवशी पोटभर जेवले."

मी खुर्चीतून उठलोच. सेल्सच्या सीव्हीत तीनच गोष्टी पाहिजेत. माल काय होता, तो खपत का नव्हता आणि तू काय केलंस म्हणून खपला. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाच्या नकाराला 'ऑब्जेक्शन' म्हणतात. 'टोचती बुवा' हे ऑब्जेक्शन. ते मोडायला भाषण लागत नाही, डेमो लागतो. 'आधी बसा' हा डेमो. मला हे कंपनीने हॉटेलात नेऊन शिकवलं होतं. ही पोरगी रस्त्यावर बसून करून आली होती आणि वर म्हणत होती, ते काय विकणं न्हाई. मी तिथल्या तिथे ती ओळ लिहून दिली. स्विमिंग काढलं. इंग्रजी ऑब्जेक्टिव्ह काढलं. कागद कसा मोकळा झाला.

सगळ्यात खाली 'रेफरन्स' असतो. म्हणजे नोकरी देणाऱ्याने फोन करून विचारलं, तर तुमच्या बाजूने चार शब्द बोलेल असा माणूस.

"कुणाचं लिहू, सर? आमच्या बाजूला फुलं इकणाऱ्या शेवंतामावशी बसतात. त्यांला सगळं म्हाईत हाय."

मी हसलो. "अगं, फुलवालीचं नाव लिहून चालतं का? इथं वजनदार माणूस लागतो." आणि मी माझंच नाव लिहिलं. खाली 'सेवानिवृत्त एरिया सेल्स मॅनेजर' हेही न विसरता.

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. मला इतका आनंद झाला होता की तो पोटात मावेना. पुढच्या वेळी वर्गात गेलो आणि प्रोजेक्टरवर तो सीव्हीच लावला. नाव, फोटो, पत्ता झाकला होता. म्हटलं, "बघा, याला म्हणतात सेल्सचा सीव्ही." एकेक ओळ वाचून दाखवली, म्हातारीपासून कात्रीपर्यंत तिच्यामागची गोष्टही सांगितली. पोरांनी वह्या काढल्या. एक जण म्हणाला, "सर, ग्रुपवर टाका ना." मी टाकला. कौतुकाचे अंगठे आले. मला कुणी अंगठा दाखवला की बरं वाटण्याचे दिवस आहेत हे.

वर्षा तिसऱ्या बाकावर खाली मान घालून बसली होती. मला वाटलं, लाजली. तास संपल्यावर ती दाराशी थांबली.

"सर, माझं सगळ्यांला दाखवलं तुमी."

"नाव कुठे होतं त्यात?"

"नाव नव्हतं. पन राजूर होतं ना."

"अगं, चांगलंच आहे की. तुझ्यामुळे चार जण शिकतील."

ती "बरं सर" म्हणाली. मी जिना उतरलो. तिला विचारायचं राहिलं हे मला उतरतानाही सुचलं नाही.

महिन्याभरात लुणावतशेठचा विषय निघाला. हे जालन्यातले पशुखाद्याचे मोठे वितरक. तीन-चार पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं घराणं. माझी त्यांची जुनी ओळख. त्यांना भोकरदन-जाफराबाद भागासाठी दोन माणसं पाहिजे होती. दूध संकलन केंद्रावर जायचं, दुकानदारांकडून ऑर्डर घ्यायची, गोठ्यात जाऊन जनावरांच्या मालकांशी बोलायचं. वर्षाच्या गावाभोवतालचाच भाग, त्यातून मेंढरातच वाढलेली पोरगी. मी मनातल्या मनात तिची नेमणूक करूनही टाकली होती.

शेठ म्हणाले, "सर, माझ्याकडं टैम न्हाई. शंभर फालतू कागद बघणार न्हाई मी."

"शेठ, एकेक सीव्ही मी स्वतः नजरेखालून घातलाय."

हे खोटं होतं. सीव्ही कॉलेजच्या ऑफिसात जमा झाले होते आणि मी वरवरचे चार-पाच चाळून 'फॉन्ट सारखे करा' एवढंच सांगितलं होतं. पण शेठसमोर तसं कोण म्हणणार? शेजारी प्राचार्य बसले होते. त्यांना दरवर्षी शेठनी कॉलेजात यावं असं वाटत होतं. मलाही वाटत होतं.

मुलाखती कॉलेजातच झाल्या. यादी आडनावाप्रमाणे. पहिला आला अंभोरे. उंच, रुबाबदार, बोलायला चटपटीत. शेठनी सीव्ही वाचला आणि त्यांचा चेहरा खुलला. "ये देखो. घोंगडी इकत न्हाई तर आसन केलं. ह्याला म्हणतात धंदा! कसं केलं रे भाई?" अंभोरेने सगळं रंगवून सांगितलं. गार फरशी, म्हातारी, कात्री, उपाशी राहिलेला बाप. वर्गात मी सांगितलं होतं त्याहून छान सांगितलं.

मी त्याच क्षणी ओळखलं. तोंड उघडायला पाहिजे होतं. पण मी मनाशी म्हटलं, जाऊ दे, एकाने उचललं, पोर आहे. पुढे वर्षा आली की शेठना बाजूला घेऊन हळूच सांगू. शेठनी त्याच्या कागदावर मोठी बरोबरची खूण केली. मी ती खूण बघितली.

मग दुसरा आला, त्याचंही राजूर. एकीने अक्कल लढवून आसनाची अगरबत्ती केली होती, पण चतुर्थी आणि आरती तशीच ठेवली होती. 'पडून राहिलेली अगरबत्ती कापून लहान केली,' असंही लिहिलं होतं. एकाने राजूर काढून आपल्या गावचा मारुती घातला होता आणि दिवस मात्र चतुर्थीच. मग तो कंडक्टरचा पोरगा. शेठ आधी हसत होते. नंतर हसणं थांबलं.

"दाभाडे सर, त्या चतुर्थीला राजूरला गिऱ्हाईक तरी आल्तं का? का सगळे इकायलाच बसल्ते?"

प्राचार्य ओढूनताणून हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

वर्षा शेवटून दुसरी. आत आली ती अबोली रंगाचा ड्रेस घालून, हातात प्लास्टिकची फाइल. मला बघून तिला धीर आल्यासारखा वाटला. हे मी स्वतः पाहिलं, म्हणून लिहितो. शेठनी तिच्या सीव्हीवर नुसती नजर टाकली आणि कागद पालथा ठेवला.

"बेटा, तुझं पण राजूर?"

"हो, सर."

"आसनं?"

"हो. माझंच हाय ते, सर."

"आज सकाळपासून सगळे हेच सांगून राह्यले."

"न्हाई सर, बिलकुल माझं हाय. बाबा विणतात, मी कापली." ती माझ्याकडे वळली. "सरांला इचारा. रेफरन्सला सरांचंच नाव हाय."

शेठनी कागद उलटा केला, खाली नाव बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. प्राचार्यांनीही बघितलं.

"काय, सर? म्हाईत हाय का तुमाला?"

एका वाक्याचं काम होतं. 'हो शेठ, ही खरी, आणि तिची ओळ बाकीच्यांना मीच वाटून दिली.' पण त्या वाक्याचा दुसरा भाग तोंडातून निघेना. एकेक सीव्ही नजरेखालून घातला म्हणणारा मी. एवढा मोठा मॅनेजर, आणि पोरांच्या हातात कॉपी देऊन बसलेला. शेठ जालन्यात जाऊन चार दुकानांत सांगतील. हे सगळं डोक्यात येऊन गेलं आणि माझ्या तोंडून निघालं, "बघावं लागेल."

सेल्समधल्या माणसाला हे दोन शब्द फार कामाला येतात. डीलर म्हणतो, पंप जळाला, बदलून द्या. नाही म्हणायचं नसतं, हो म्हणायचं नसतं. मग आपण म्हणतो, बघावं लागेल. डीलर समजून जातो. वर्षाही समजली. ती माझ्याकडे बघत राहिली नाही, रडली नाही, भांडली नाही. "ठीक हाय, सर," म्हणाली. टेबलावरचा आपला सीव्ही उचलून फाइलमध्ये ठेवला, खुर्ची टेबलाला लावली आणि गेली. तिच्यानंतरच्या मुलाला शेठनी काय विचारलं, मला एक अक्षर आठवत नाही.

शेठनी दोन नावं काढली. पहिला अंभोरे, कारण त्याची गोष्ट त्यांनी सगळ्यांत आधी ऐकली होती. "ह्याचं असल खरं, बाकीच्यांनी ह्याचं उचललं." दुसरा पोरगा माझ्या वर्गाला कधीच न आलेला. त्याच्या सीव्हीत रीडिंग, म्युझिक, क्रिकेट होतं. शेठ म्हणाले, "ह्याच्यात राजूर न्हाई म्हणून घेतला."

परत जालन्याला शेठच्या गाडीत होतो. रस्ता राजूरवरूनच. देवळाचा कळस दिसला तसे शेठ म्हणाले, "थांबायचं का, सर? आसन घ्या एक." ड्रायव्हरसुद्धा हसला. या वेळी मी हसलो नाही. म्हटलं, "शेठ, ती शिंगाडे खरी होती." आणि सगळं सांगितलं. प्रोजेक्टर, ग्रुप, मी न वाचलेले सीव्ही.

गाव मागे पडलं.

"मंग तवा का न्हाई बोलले?"

मी पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत होतो.

"अंभोरेला जबान दिली मी. आता त्याला काढू, तर तुमच्या कॉलेजचं नाव जाईल आन माझं पन. पोरीला फोन लावा. तिसरा माणूस घेऊ. खर्चा माझा, चूक तुमची."

मी गाडीतूनच फोन लावला. तिने लगेच उचलला.

"वर्षा, मी शेठना सगळं सांगितलं. ते तुला घ्यायला तयार आहेत. उद्या ये."

"अंभोरे लागला का, सर?"

"हो. तो पण आहे."

"मंग राहू द्या, सर. तिथं रोज तो भेटंल. माझ्याच बाबांची गोष्ट मलाच सांगंल."

"वर्षा, चुकलं माझं."

"हो, सर," ती म्हणाली. तिने 'असू द्या सर' म्हणावं अशी माझी अपेक्षा होती, हे त्या वेळी कळलं आणि आणखीच लाज वाटली.

कॉलेजात पुढच्या वेळी मी वर्गाला सगळं सांगितलं. पोरं खाली बघत होती. कंडक्टरच्या मुलाने उठून विचारलं, "सर, मंग तुमी ग्रुपवर कशाला टाकलं?" बरोबरच विचारलं त्याने. वर्षा त्या दिवशी नव्हती. त्यानंतरही माझ्या तासाला आली नाही.

पुढच्या चतुर्थीला मी राजूरला गेलो. बायकोला सांगितलं दर्शनाला जातो. देवळाच्या वाटेवर शोधत गेलो तर लाल दोऱ्याच्या कडांची आसनं दिसली. मागे एक पागोटंवाला, किडकिडीत माणूस बसला होता. तिचे वडील. घोंगडीला कात्री लावायची म्हणून ज्यांनी अन्न सोडलं होतं, तेच आता आसनांची चळत लावून बसले होते. त्यांच्या शेजारी हाराफुलांची टोपली आणि एक ऐसपैस बाई.

"केवढ्याला दिलं?" मी विचारलं.

"आधी बसा, मालक. मंग सांगतो."

मी रस्त्यातच बसलो. बाजूने लोक जात होते. विजारीतून थोडं टोचलं.

"ही आयडिया कुणाची?" मला माहीत असून विचारलं. कशाला विचारलं देव जाणे.

"पोरीची. लई हुशार हाय. नोकरी बघून राह्यली जालन्याला. मधी एक लागल्यातच जमा होती, पन काई जमलं न्हाई."

"का?"

"म्हाईत न्हाई. सांगत न्हाई ती."

फुलवाली बाई माझ्याकडे टक लावून बघत होती. मी आसन घेतलं आणि देवळात न जाताच परत फिरलो. मी कोण ते सांगितलं नाही. बापाला पोरीने माझं नावसुद्धा सांगितलं नव्हतं, ही तिने माझी राखलेली लाज होती आणि ती मला पेलवत नव्हती.

नंतर बरेच महिने काही कळलं नाही. मग एके दिवशी वायाळचा फोन आला. वायाळ पूर्वी माझ्या हाताखाली सेल्समन होता, आता जालन्यात त्याची दूध काढायच्या मशीनची स्वतःची एजन्सी आहे.

"साहेब, तुम्ही जाता त्या जाफराबादच्या कॉलेजची एक मुलगी आली होती. शिंगाडे म्हणून. सीव्ही पाठवलाय, बघा जरा. तुमचं नाव कुठे दिसलं नाही, म्हणून म्हटलं ओळखता की नाही."

मोबाइलवर सीव्ही उघडला. ओळ तशीच होती. राजूर, चतुर्थी, आसनं, आरती. मला वाटलं होतं तिने काढून टाकली असेल. का काढेल? तिचीच होती. खाली एक नवी ओळ तिने स्वतः लिहिली होती, 'घोंगडी कापायला वडिलांचा विरोध होता. आता वडील स्वतः आसने विकतात.' मला हे सुचलं नसतं. गिऱ्हाइकाला पटवणं सोपं, घरच्याला पटवणं कठीण, आणि धंद्यातला माणूस ही ओळ वाचून थांबणारच.

मग शेवटी रेफरन्स. 'श्रीमती शेवंताबाई, फूलविक्रेत्या, राजूर.' आणि मोबाइल नंबर.

मी वायाळला फोन लावला आणि या वेळी बोललो. घोंगडी सांगितली, डेमो सांगितला, मुलाखत सांगितली आणि माझं 'बघावं लागेल'ही सांगितलं. एका दमात सांगितलं. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा कच खाल्ली असती.

वायाळ ऐकत होता. मग म्हणाला, "साहेब, तिला मी कालच घेतलं. तुम्हाला सहज विचारलं."

"कशावरून घेतलंस?"

"त्या फुलवाल्या बाईला फोन केला ना. मी नुसतं म्हटलं, वर्षा शिंगाडेला ओळखता का? बाई जी सुरू झाली ती थांबेचना. पोरीनं बापाला कसं मनवलं, पाऊस आला तर माल कसा झाकला, आमी जेवाया गेलो की आमची फुलं पन इकती, म्हणे. मागे गिऱ्हाईक ओरडत होतं, ताई हार द्या. बाई म्हणाली, थांब रं, पोरीच्या नोकरीचं हाय."

वायाळला वाटलं रेंज गेली. तो हॅलो हॅलो करत होता.

मी अजून त्या कॉलेजात जातो. दुसऱ्याचा सीव्ही प्रोजेक्टरवर लावत नाही. ग्रुपवर काही टाकत नाही. रेफरन्सचा तास आला की पोरं विचारतात, "सर, तुमचं नाव लिहू का?" पूर्वी या प्रश्नाने माझी छाती फुगायची.

"आधी आठव," मी म्हणतो, "तुझ्या शेजारी कोण बसतं. त्याचं लिही."